डावीकडेही असेच समजावे

४ जानेवारी

प्रिय डोंगळ्या,

तुला आणि तुझ्या मास्तरीणबाईंना नव्या वर्षाचे आशीर्वाद. चार दिवस उशीर झालाय, पण आशीर्वाद काही शिळे होत नाहीत.

कानातलं यंत्र बदललं, तरी फोनवर मला नुसती गुणगुण ऐकू येते. तेव्हा आपला हा कागदी कारभारच बरा. डॉक्टर व्हायला तू घर सोडलंस तेव्हापासून लिहितोय एकमेकांना, आता या वयात मोडता कशाला घालायचा?

एक काम आहे. प्रकाशकाने सर्जन लोकांसाठी शरीररचनेचं नवं पुस्तक काढायचं ठरवलंय आणि चित्रं नेहमीप्रमाणे माझ्या माथी मारली आहेत. म्हणून जुनी चित्रं काढून टेबलावर पसरली. बघते तर काय, जन्मभर मी माणसाची उजवी बाजूच काढत आले आहे. उजवा कान, उजवा गुडघा, उजवा खांदा, गळ्याची उजवी बाजू. खाली बारीक अक्षरात एक ओळ: 'डावीकडेही असेच समजावे.' कुणी फारच हट्ट धरला तर छापखाना तेच चित्र उलटं करून छापतो, की झाली डावी तयार! माणूस म्हणजे काय दुमडलेला कागद आहे?

मला आता असं वाटायला लागलंय की हे नुसतं पुस्तकांपुरतं नाही. तुम्हा मंडळींच्या डोक्यातही उजवाच माणूस बसलाय. तेच तपासायचं आहे. सोबत कोरे कागद पाठवते आहे. मधोमध एक उभी रेघ मारली आहे. डोळे मिटायचे, रोग्याचा गळा समोरून डोळ्यांपुढे आणायचा आणि जी बाजू आधी दिसेल तेवढीच काढायची. एक लक्षात ठेव, माणूस आपल्याकडे तोंड करून असला की त्याची उजवी बाजू कागदाच्या डाव्या अर्ध्यात येते आणि डावी बाजू उजव्या अर्ध्यात. तुला हे सांगायला नको, पण तुझ्या हाताखालच्यांना सांग. तुमच्याकडचे जेवढे सर्जन हाताला लागतील तेवढ्यांकडून काढून घे. तूही काढ.

प्रकाशक म्हणतो, डाव्या बाजूची वेगळी चित्रं म्हणजे चैन आहे. त्याचं तोंड बंद करायला मला पुरावा हवाय. लवकर पाठव, आळस करू नकोस.

तुझी,
ताई

१९ जानेवारी

ताई,

तुझा हुकूम शिरसावंद्य. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर चहाच्या वेळेला एकेकाला धरून बसवलं. थोरामोठ्यांचे गळे कापणारी माणसं, पण पेन्सिल हातात दिल्यावर परीक्षेला बसल्यासारखी घामाघूम झाली. आमचा भूलवाला म्हणाला, "मला कशाला? मी भूल देऊन बाजूला होतो, गळा तुम्ही बघा." तरी त्याच्याकडूनही काढून घेतलं. त्याच्या चित्रातला गळा बाटलीसारखा दिसतो, हसू नकोस.

तुझं म्हणणं सोळा आणे खरं आहे. आम्हाला पहिल्या दिवसापासून रोग्याच्या उजव्या हाताला उभं करतात. हात तिथूनच शिकतो, डोळाही तिथूनच. डावीकडचं काम आलं की मनातलं चित्र उलटं करावं लागतं आणि तिथे क्षणभर गाडी अडखळते. त्यातून गळा म्हणजे महाबिलंदर. आवाजाची नस दोन्हीकडे सारखी येतच नाही. उजवीकडे ती गळ्याच्या पायथ्याशी वळून तिरकी वर येते, डावीकडे पार छातीत उतरून, वळसा घालून सरळ चढते. उजवीचं चित्र उलटं करून मनात धरलं तर डावीकडे ती भलत्याच ठिकाणी सापडते. चुकून कापली गेली तर माणसाचा आवाज बसतो तो बसतोच. हे प्रकाशकाला सांग.

मला कुठली बाजू दिसते म्हणून विचारशील, तर उजवीच, यात विचारायचं काय? पण कागद हातात आल्यावर हात आवरला नाही. तू एक म्हणालीस, मी दोन्ही बाजू काढल्या आहेत. तेवढी सूट मला दे.

घरी ठीक. मास्तरीणबाईंनी सामान काय हलवलंय कोण जाणे, दाराची चौकट रोज माझ्या दंडाला लागते. विचारलं तर म्हणतात, काहीच हलवलं नाही. डावा दंड काळानिळा झालाय. म्हातारपण असंच येत असावं, चौकटीतून.

डोंगळा

३० जानेवारी

अरे लबाडा,

कागद मिळाले. एकेक उलगडत गेले. उजवी, उजवी, परत उजवी. सगळे एका माळेचे मणी! भूलवाल्याची बाटलीसुद्धा उजवीच. मी मनातल्या मनात प्रकाशकाची खरडपट्टी काढायला सुरुवात केली होती. शेवटी तुझा कागद उलगडला.

डोंगळ्या, डावी!

रेघेच्या एका अंगाला कोरा कागद आणि कागदाच्या उजव्या अर्ध्यात रोग्याची डावी बाजू. नस सरळ वर येणारी, अगदी जशी यायला हवी तशी. इतक्या सर्जनांत एकाला डावी बाजू दिसावी, आणि तो माझा भाऊ असावा! खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. म्हणे, 'दोन्ही बाजू काढल्या आहेत.' कळली हो तुझी थट्टा. इतका वेळ मीच एकटी वेड्यासारखी डावी डावी करतेय असं वाटत होतं. तू मुद्दाम माझ्यासाठी काढलीस ना? की खरंच तुला तीच आधी दिसते? खरं काय ते लिही, मला पुस्तकाच्या प्रस्तावनेत घालायचं आहे. तुझं चित्र मी टेबलासमोर भिंतीला टाचून ठेवलंय.

आणि कागद तुला फुकट मिळतो का रे? अर्धं पान कोरं सोडून कडेकडेने लिहितोस. बडा डॉक्टर झालास म्हणून एवढा रुंद समास?

तुझी,
खूश झालेली ताई

१२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. थट्टा तू करते आहेस की मी, तेच कळेना.

मी दोन्ही बाजू काढल्या होत्या. अख्खा गळा. उजवी आधी, मग डावी. चांगलं आठवतंय. कोरा कागद कुठे दिसला तुला? चष्म्याचा नंबर वाढला असेल, तपासून घे. प्रस्तावनेत वगैरे काही घालू नकोस, लोक हसतील.

समासाचंही तेच. मी कडेपासूनच लिहितो.

सध्या जो उठतो तो माझी चूक काढतो. परवा थिएटरमधली सिस्टर म्हणाली, "सर, चिमटा ट्रेमध्येच आहे." मी म्हटलं, "असता तर मागितला असता का?" तिने उचलून हातात दिला, माझ्या नाकासमोरून. मंगळवारी पुन्हा मोठी यादी आहे, दमायला होतं. त्यात आता तूही.

डोंगळा

१६ फेब्रुवारी

ती. ताई यांस नमस्कार.

मी तुम्हाला एरवी कधी लिहीत नाही. तुमच्या दोघांच्या पत्रव्यवहारात मी कशाला लुडबूड करू, असं वाटतं. पण आता कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाही.

ताई, यांचं माझ्यावरून मन उडालंय का, हे तुम्ही त्यांना हळूच विचाराल? तुमच्यापाशी ते लपवणार नाहीत. गेले दोन महिने माझ्या हातचं त्यांना रुचत नाही. ताटातलं निम्मं तसंच टाकून उठतात, आणि वर विचारतात, आज एवढंच केलंस? परवा मला इतका राग आला की मी ताट उचलून गर्रकन फिरवलं आणि त्यांच्यापुढे आदळलं. तर बसले पुन्हा जेवायला, जसं काही मी नवीन वाढलंय. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आणखीही काय काय. अर्धी दाढी करून दवाखान्यात जायला निघतात. स्वेटरची एकच बाही घालतात, दुसरी पाठीवर लोंबत असते. मी हात धरून घालायला गेले तर खेकसतात. शाळेत पोरं अशी वागली की मी समजते, लक्ष वेधून घ्यायचंय. पण यांना कुणाचं लक्ष हवंय? चौकटीला धडकतात आणि दोष मला देतात, सामान हलवलं म्हणून. मी काहीसुद्धा हलवलेलं नाही.

एवढ्या वर्षांच्या संसारात यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. दुसरं काही असेल तर तेही सांगा. मी ऐकून घेईन.

आपली,
मास्तरीण

२० फेब्रुवारी

बाई गं,

तुझं पत्र आज सकाळी आलं. भिंतीवरचं त्याचं चित्र काढून तुझ्या पत्राशेजारी ठेवलं.

त्याचं मन कुठेही उडालेलं नाही. तू फिरवलंस ना ताट, आणि तो पुन्हा जेवायला बसला? ताटाचा डावा अर्धा भाग त्याच्या लेखी नव्हताच. दाढी राहते ती डाव्या गालाचीच असणार, बाहीही डावीच, धडकतो तोही डावा दंड. त्याने मला अख्खा गळा काढून पाठवला आणि कागदाचा डावा अर्धा भाग कोरा होता. रोग्याची उजवी बाजू त्या अर्ध्यात येते, ती त्याने काढलीच नाही. उरली ती डावी, आणि मी अभागी नाचले, की माझ्या भावाला डावी दिसते!

पूर्वी मी मेंदूच्या आजारांच्या पुस्तकाची चित्रं केली होती. रोग्यांनी काढलेली घड्याळं हुबेहूब उतरवायची होती. सगळे आकडे एका अंगाला गोळा झालेले, दुसरं अंग मोकळं. असं होतं तेव्हा डोळे चांगले असतात, डोक्यात उजव्या बाजूला काहीतरी बिघडलेलं असतं. आणि ज्याचं बिघडतं त्याला पत्ताच नसतो. आपलं काही राहिलंय असं त्याला वाटतच नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी तीन आठवडे त्याचं चित्र भिंतीला लावून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवत बसले.

पत्र पोचेपर्यंत धीर धरवेना, म्हणून मी दुपारी तुमच्या घरी फोन लावला. मला ऐकू येत नाही, पण बोलता तर येतं. तू फोन उचललास, पलीकडे गुणगुण झाली, आणि मी सगळं ओरडून सांगितलं. त्याला उद्यापासून चाकू हातात धरू देऊ नकोस, त्याच्या डोक्यात गाठ असेल, त्याला काही कळायच्या आत गोडीगुलाबीने मेंदूच्या डॉक्टरकडे ने, नाहीतर कुणाचा तरी जीव जाईल. तू मधे फोन ठेवला नाहीस, यावरून समजले की तुला पोचलं. तरी सगळं पुन्हा इथे लिहिते आहे.

उत्तर लगेच लिही. माझ्या जिवाचं पाणी झालंय.

ताई

२३ फेब्रुवारी

ताई,

फोन मी उचलला होता.

मास्तरीणबाई शाळेत होत्या. माझी त्या दिवशी सुट्टी होती. मी 'ताई, मी आहे, मी' असं किती वेळा म्हटलं. तू बोलतच राहिलीस. मग म्हटलं, बोलू दे. तुला ऐकू येत नसलं तरी मला येत होतं. शेवटी तू रडायला लागलीस आणि 'त्याला सांगू नकोस गं' म्हणालीस. मी 'नाही सांगणार' असं म्हणून फोन ठेवला.

तुला वाटेल, मला धक्का बसला असेल. बसायला हवा होता. पण मला माझ्यात काहीच कमी दिसत नाही. हे लिहितानाही कागद पूर्ण भरलेला दिसतोय. मनात आलं, म्हातारीचं डोकं फिरलंय. पण ताई, तू चित्राच्या बाबतीत कधी चुकली नाहीस. माझ्या डोळ्यांपेक्षा माझा तुझ्या डोळ्यांवर जास्त भरवसा आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी भूलवाल्याला गाठलं आणि म्हटलं, मित्र म्हणून विचारतो, खरं सांग.

तो म्हणाला, मंगळवारी तुम्ही गळ्याची जखम अर्ध्यापर्यंत शिवलीत, दोरा कापलात आणि "झालं" म्हणून बाहेर पडलात. सगळ्यांना वाटलं, सर उरलेलं शिकाऊ डॉक्टरला शिवायला देतायत, मोठे सर्जन करतात तसं. तिने उरलेलं शिवलं. रोगी बरा आहे, बोलतोही आहे. मी स्वतः जाऊन त्याला बोलायला लावलं. आवाज ऐकला आणि तिथेच भिंतीला टेकून उभा राहिलो.

कालपासून मी ऑपरेशनं थांबवली आहेत. माझी यादी दुसऱ्याकडे दिली. हात धुवायच्या बेसिनपाशी थोडा वेळ उगाच थांबलो आणि घरी आलो. मास्तरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्यावरचा राग नव्हता तो?" आणि हसायलाच लागल्या. एवढ्या वाईट बातमीवर हसणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली.

तू स्वतःला बोल लावू नकोस. माझं चित्र बघून तू खूश झालीस, त्यात कुणाचं काय बिघडलं?

डोंगळा

९ मार्च

ती. ताई यांस,

परवा यांच्या डोक्याचे फोटो काढले. गाठ आहे. उजवीकडे, मागच्या बाजूला. वाईट जातीची आहे असं मेंदूच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. पण तुम्हाला लिहायचंय ते वेगळंच.

डॉक्टरांनी फोटो दिव्यावर लावला. हे खुर्चीत पुढे झुकून एखाद्या परक्या रोग्याचा बघावा तसा बघत होते. किती वेळ. मग म्हणाले, "काहीच नाही. साफ आहे. उगाच घाबरवलं ताईने." मी बघत होते ना, ताई. मला त्यातलं काही कळत नाही, तरी तो पांढरा गोळा मलाही दिसत होता. फोटोत डोक्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, हे तुम्हीच नेहमी सांगता. ती यांना दिसतच नव्हती. ज्या गाठीने दृष्टी चोरली, ती नेमकी चोरलेल्या जागेत लपून बसली होती.

डॉक्टरांनी फोटो काढला, उलटा केला आणि पुन्हा लावला. हे आणखी पुढे झुकले. मग अगदी डॉक्टरी आवाजात म्हणाले, "अरेरे. बरीच मोठी आहे. कुणाची ही?"

मी त्यांचा हात धरला. कुणाची ते त्यांना माझ्याकडून कळलं.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. मेंदूचा डॉक्टर यांचाच जुना विद्यार्थी आहे. हे त्याला म्हणाले, "कापताना उजवी-डावी तेवढी नीट बघ हो." सगळे हसले. मी पण हसले. तुम्ही येऊ शकाल का?

मास्तरीण

१४ मार्च

डोंगळ्या,

परवाच्या गाडीने येते आहे. तोवर हे मास्तरीणबाईंना शेजारी बसवून वाच. ती पान आपल्या हाताने सरकवत जाईल, म्हणजे तुझं काही सुटणार नाही.

लहानपणी तू जे धरायचास ते सोडायचा नाहीस, म्हणून आम्ही तुला डोंगळा म्हणायला लागलो. आत्ताही तसंच कर. माझ्यासाठी म्हण, बायकोसाठी म्हण, पण चिकटून राहा.

मी आले की तुझ्या उजव्या अंगालाच खुर्ची टाकणार आहे. दवाखान्यातल्या पोरींनी हलवली तर भांडेन.

ताई

११ मे

ताई,

मी सांगतोय आणि मास्तरीणबाई लिहितायत, त्यामुळे शुद्धलेखन उत्तम असेल आणि समास सरळ.

तू परत गेल्यावर टाके निघाले. गाठ जेवढी निघाली तेवढी काढली, उरली ती उरली. चालतो, बोलतो, जेवतो. मास्तरीणबाई मधेच ताट फिरवतात आणि मला दुसऱ्यांदा जेवण मिळाल्याचा आनंद होतो. डावी बाजू परत आली नाही, असं सगळे म्हणतात. मला विचारशील तर ती गेल्याचंच मला कळलेलं नाही.

एवढंच तुला सांगायचं होतं, म्हणून पत्र. ज्याचा हात तुटतो त्याला हात आठवतो, तो रडतो, लोक समजूत घालतात. माझं अर्धं जग गेलं, आणि मला ते हवंसं वाटत नाही. सगळं जागच्या जागी आहे असंच वाटतं. थिएटरची आठवण येते, फार येते. काल शिकाऊ डॉक्टर भेटायला आली, तर मी तिला पूर्ण गळा तोंडाने सांगितला, पायरी पायरीने. ती लिहून घेत होती. मग हळूच म्हणाली, "सर, उजवीकडची नस?" मी म्हटलं, सांगितली की. ती "हो सर" म्हणाली. मला कळलं की मी सांगितली नव्हती.

दुःख करायला सुद्धा ती बाजू दिसावी लागते, ताई. माझ्या वाटचं तू करशील का? मला जमत नाही.

पुस्तकाचं काय झालं? डावी बाजू सोडू नकोस.

डोंगळा

(ताई, यांनी सांगितलं तसंच लिहिलंय. मास्तरीण)

१७ सप्टेंबर

बाई गं,

तुला पत्र लिहायचं आणि त्यात 'त्याला दाखव' असं लिहायचं नाही, याची अजून सवय होत नाही. महिना होऊन गेला. नेमकी तेव्हाच पाय मोडून बसले आणि माझ्या भावाच्या शेवटच्या दिवसांत मला येता आलं नाही. हे शल्य आता माझ्याबरोबरच जाईल. तू सगळं एकटीने केलंस. तुझे उपकार कुठल्या तोंडाने मानू?

प्रकाशक शेवटी तयार झाला, पण एकट्या गळ्यापुरता. बाकी सगळीकडे तीच ती ओळ राहणार. गळ्याच्या दोन्ही बाजू काढून दिल्या. उजवी काढताना हात चालेना. त्याने काढायची राहिलेली बाजू मी काढते आहे असं वाटलं. दोन दिवस काम बंद ठेवून नुसती बसून होते. त्याने सांगितलेलं दुःख मी करते आहे बघ, आज्ञाधारकपणे.

एकच विचारते. तो घाबरला होता का गं? शेवटी शेवटी? मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. खरं तेच लिही.

ताई

२ ऑक्टोबर

ती. ताई यांस नमस्कार.

तुमचं पत्र शाळेच्या पर्समध्ये ठेवून बरेच दिवस हिंडले. उत्तर द्यायला उशीर झाला.

नाही, घाबरले नव्हते. खरंच सांगते. घाबरायला काहीतरी जातंय असं वाटावं लागतं, आणि यांना कधी तसं वाटलंच नाही. घाबरले होते ते मी.

तुम्हाला एक सांगते, कुणाला सांगितलेलं नाही. यांच्यासमोर मला रडता येत नसे. दिवसभर त्यांच्या उजव्या बाजूला बसून मी वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, शाळेतल्या गमती सांगायचे, औषधं द्यायचे. आवरेनासं झालं की उठून पलंगाच्या डाव्या बाजूला जाऊन बसायचे. तिथे त्यांच्यापासून हातभर अंतरावर, त्यांच्या डोळ्यांसमोर म्हणा ना, मी पोटभर रडायचे. त्यांना पत्ता नसे. तिथे गेलं की मी त्यांच्यासाठी नसायचे. घरात तेवढीच एक जागा होती जिथे मी रडले तरी त्यांना त्रास होणार नव्हता, आणि त्यांना सोडून जावंही लागत नव्हतं. डोळे पुसून पुन्हा उजवीकडे आले की म्हणायचे, "आलीस होय?" जशी काही मी बाजारातून आले.

जायच्या आदल्या आठवड्यात एकदा दुपारी मी अशीच तिकडे बसले होते. त्या दिवशी हुंदका जरा मोठ्याने आला असावा. त्यांनी मान हलवली नाही. उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "अगं ऐकलंस का?"

मी पदर तोंडात धरला, उठले, पलंगाला वळसा घालून आले आणि त्या खुर्चीत बसले. मला बघून त्यांचा चेहरा खुलला.

म्हणाले, "बरं झालं आलीस. तिकडे कुणीतरी रडतंय बराच वेळ. एकटीच आहे वाटतं बिचारी. जरा बघ ना तिच्याकडे."

मी म्हटलं, "बघते हं."

आणि त्यांचा हात हातात घेऊन तिथेच बसून राहिले.

आपली,
मास्तरीण